पणजीचे पडदे : 'सिने नासियोनाल'पासून आयनॉक्सपर्यंत

पणजी हे तसं लहान शहर. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ४० हजार माणसं मोजली गेली. मुंबई-पुण्याच्या माणसाला हा आकडा एखाद्या उपनगराच्या वॉर्डाचा वाटेल. पण एवढ्याशा गावात एकेकाळी नॅशनल, एल डोरॅडो, सम्राट आणि अशोक असे चार पडदे चालत होते. आज त्यांतल्या नॅशनलच्या भिंतींतून पिंपळ उगवलेले दिसतात, आणि याच शहरात दरवर्षी नोव्हेंबरात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. जगभरचे दिग्दर्शक येतात, लाल गालिचा पसरला जातो. पण या गावातले लोक शंभर वर्षांत सिनेमा कसा पाहत आले, याची सलग नोंद कुठे सापडत नाही. तो माग काढण्याचा हा एक प्रयत्न.

मी पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पंचवीसहून जास्त वर्षं ट्रान्सफॉर्मर, रिले आणि केबल यांच्यात गेली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. त्यामुळे जुनी इमारत दिसली की मी आधी तिचा वीजपुरवठा कुठून आत येतो ते बघतो आणि मग दर्शनी भाग. सिनेमागृहांच्या बाबतीत ही खोड उपयोगी पडली, कारण सिनेमागृह हे अर्धं नाटकघर आणि अर्धा कारखाना असतो. नाटकघराबद्दल लोक भरभरून बोलतात. कारखान्याबद्दल कुणी विचारत नाही.

'सिने' हा शब्द

सुरुवात नावापासून करू. महाराष्ट्रात जुन्या थिएटरांना 'टॉकीज' म्हणतात, नाहीतर 'चित्रमंदिर'. गोव्यात मात्र 'सिने'. पणजीचं सिने नॅशनल, मडगावचं सिने लता, सिने विशांत आणि सिने मेट्रोपोल, म्हापशाचं सिने अलंकार, वास्कोचं सिने एल मोंत. 'टॉकीज' हा शब्द इंग्रजी मुलखातला, बोलपटाबरोबर आलेला. 'सिने' हा पोर्तुगीज वळणाचा. पोर्तुगालमध्येही गावोगावच्या नाट्यगृह-चित्रगृहांना 'सिने-तेआत्रो' म्हणायची पद्धत होती. बघा, 'अलंकार' हा अस्सल संस्कृत शब्द, 'लता' हे घरातल्या मुलीचं नाव, आणि दोन्हींच्या पुढे लिस्बनहून आलेला 'सिने'. गोव्याचा सांस्कृतिक इतिहास दोन शब्दांत सांगा असं कुणी म्हटलं तर मी 'सिने अलंकार' एवढंच सांगेन.

पणजीच्या सर्वांत जुन्या पडद्याचं नाव आणखी बोलकं आहे. पोर्तुगीज काळात ते 'सिने नासियोनाल' होतं, म्हणजे राष्ट्रीय. त्या वेळी 'राष्ट्र' म्हणजे पोर्तुगाल. पोर्तुगालच्या सरकारने १९३०च्या वसाहत कायद्याने गोव्याला वसाहतीचा दर्जा दिला होता. पुढे वसाहतींवरून जगात टीका वाढली, तेव्हा १९५१ साली राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे कागदावर पणजी हा पोर्तुगाल देशाचाच एक तुकडा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. थिएटरचं नाव मात्र बदलावं लागलं नाही. 'नासियोनाल'चं 'नॅशनल' झालं, रोमन लिपीत पाहिलं तर एका अक्षराचा फरक. राष्ट्र बदललं, पाटी जवळपास तीच राहिली.

डब्यांची वाट

आता कारखान्याकडे येतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं धावतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन तास चाळीस मिनिटांचा हिंदी सिनेमा म्हणजे १४,४०० फूट, जवळजवळ साडेचार किलोमीटर फिल्म. वजन तीस किलोच्या वर. एवढं ओझं पत्र्याच्या गोल डब्यांत घालून, डबे पेटीत घालून, दर आठवड्याला मुंबईहून पणजीला यायला हवं आणि खेळ संपल्यावर पुढच्या गावाला जायला हवं. एक प्रत म्हणजे त्या काळातली मोठी रक्कम, त्यामुळे लहान शहराला नवी कोरी प्रत क्वचितच मिळायची. मोठ्या शहरांत घासून झालेली प्रत आपल्याकडे यायची. पडद्यावर 'पाऊस' पडायचा तो यामुळे. गोव्यात बाहेर पाऊस आणि आतही पाऊस, असं जुने लोक गमतीने म्हणत.

ही पेटी यायच्या वाटा दोन. एक समुद्राची, मुंबई-पणजी बोटीची. दुसरी रेल्वेची. मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला मिळणारी मीटर गेज लाइन १८८०च्या दशकाअखेर सुरू झाली होती. मुरगावला उतरलेल्या पेटीला पणजी गाठायला पुन्हा पाणी ओलांडावं लागे. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद, मग सगळा भार रेल्वेवर. किनाऱ्यावरच्या गावाचं सिनेमाचं वेळापत्रक असं हवामानाने ठरत असे. जूनमध्ये कोणता चित्रपट लागणार हे मुंबईचा वितरक जेवढं ठरवी, तेवढंच अरबी समुद्र ठरवी.

आणि प्रेक्षक कोण? इथे गोव्याचं वेगळेपण लक्षात घ्यायला हवं. १९१०मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, त्यानंतर गोव्यातल्या हिंदू समाजाला शिक्षणात, छपाईत आणि संस्थांमध्ये मोकळा श्वास घेता आला. त्यांची वाचायची-लिहायची भाषा बहुतांशी मराठी. देवळाच्या जत्रेत मराठी नाटक बघायची सवय घराघरात मुरलेली. मा. दीनानाथ मंगेशकर हे याच मातीतले, मंगेशीचे. १९३२ला 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि १९३६ला प्रभातचा 'संत तुकाराम'. अशा चित्रपटांसाठी लागणारा प्रेक्षक गोव्यात आधीच नाटकाने तयार करून ठेवला होता. दुसरीकडे ख्रिस्ती समाजात कोकणी तियात्राची परंपरा. पहिला तियात्र १८९२ साली मुंबईत झाला, गोव्याहून तिकडे पोटासाठी गेलेल्यांच्यासमोर. शिवाय पोर्तुगीज बोलणारा सरकारी आणि उच्चभ्रू वर्ग, जो युरोपीय आणि अमेरिकन चित्रपटांना जाई. नाटकाच्या मांडवात हे तिन्ही प्रेक्षक सहसा एकत्र येत नसत. सिनेमाच्या तिकीट खिडकीवर येत. बाल्कनी आणि खालचे बाक यांत पैशाची भिंत होती, ती मी नाकारत नाही. पण छप्पर एक होतं.

एक खुर्ची, तीन चलनं

माझ्या मते पणजीच्या प्रेक्षकाची सर्वांत विलक्षण गोष्ट तिकिटाच्या दरात आहे. पोर्तुगीज गोव्याचं जुनं चलन 'रुपिया'. एका रुपियाच्या १६ तांगा. १९५९ साली सरकारने रुपिया मोडीत काढून पोर्तुगालप्रमाणे 'एस्कुदो' आणला. एका रुपियाला सहा एस्कुदो हा दर. एका एस्कुदोचे शंभर सेंताव्हो. हे लोकांच्या हातात बसतंय न बसतंय तोवर १९६१ संपलं आणि भारतीय रुपया व नवे पैसे आले. म्हणजे १९५८ साली दहावीतल्या वयाचा एखादा मुलगा चार-पाच वर्षांत त्याच थिएटरात, कदाचित त्याच खुर्चीवर, तीन वेगवेगळ्या चलनांत पैसे मोजून बसला असेल. जगात फार कमी गावांतल्या सिनेमाप्रेमींच्या वाट्याला हे आलं.

याचा पुरावा जपणं सोपं आहे, कारण तिकिटावर दर छापलेला असतो. आणि अवघडही आहे, कारण सिनेमाचं तिकीट कोण जपून ठेवतो? माझ्या शोधात मला बँकेची पासबुकं, जमिनीचे दस्त, लग्नाच्या याद्या घराघरात मिळाल्या. सिनेमाचं तिकीट मिळालं ते पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं.

गाणें पयलीं आयलें

१९५४-५५ पासून भारत सरकारने पोर्तुगीज गोव्यावर आर्थिक निर्बंध लादले. १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि त्यानंतर संबंध पूर्ण तुटले. रेल्वेची वाट बंद, बोट बंद, माणसांच्या जाण्या-येण्यावर परवाने. या नाकेबंदीचा इतिहास आपण तांदूळ, बटाटे आणि कापडाच्या अंगाने वाचतो. गोव्यात हॉलंडचे बटाटे आले, परदेशी चैनीच्या वस्तू स्वस्त झाल्या, वगैरे. पण मुंबईहून दर आठवड्याला येणारी ती पत्र्याची पेटीसुद्धा याच वाटेवर होती, हे सहसा कुणी लिहीत नाही.

ही वर्षं कोणती होती ते आठवा. 'श्री ४२०' १९५५चा. 'मदर इंडिया' आणि 'दो आंखें बारह हाथ' १९५७चे. मराठीत 'सांगत्ये ऐका' १९५९चा, जो पुण्यात १३१ आठवडे चालला. 'मुगल-ए-आझम' १९६०चा. हिंदी-मराठी सिनेमाचा भरभराटीचा काळ आणि नेमका तेव्हा गोव्याचा दरवाजा लोटलेला. मी ज्या वृद्धांशी बोललो त्यांच्या आठवणीत यांतले बरेच चित्रपट 'मुक्तीनंतर पाहिलेले' म्हणून येतात.

पण रेडिओला सीमा अडवू शकत नाही. १९५२च्या सुमारास भारताच्या आकाशवाणीने सिनेमाच्या गाण्यांना दार बंद केलं आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. मध्यम वयाच्या भारतीयाला ही गोष्ट पाठ आहे. गोव्यात मात्र तिला वेगळा अर्थ होता. इथे शॉर्टवेव्हवरून चित्रपटाचं गाणं घरात यायचं आणि तो चित्रपट मात्र यायचा नाही. मळ्यातल्या एका आजींनी मला हे एका वाक्यात सांगितलं, 'गाणें पयलीं आयलें, सिनेमा मागीर.' मधला काळ किती, असं मी विचारलं तर म्हणाल्या, माझं लग्न होऊन दोन मुलं झाली, तेव्हा तो सिनेमा पाहिला. गाण्यावरून त्यांनी मनात जी नायिका उभी केली होती, ती पडद्यावरच्या नायिकेपेक्षा बरी होती, असंही वर म्हणाल्या.

या एका वाक्यात नाकेबंदीच्या काळातलं गोमंतकीय मन दिसतं असं मला वाटतं. भारत ऐकू येत होता, दिसत नव्हता. पोर्तुगीज सरकारचा छापील मजकुरावरचा सेन्सॉर कडक होता. लोकांना एकत्र जमण्यावर बंधनं होती. अशा वेळी शेजारच्या देशातलं प्रेमगीत गुणगुणणं हा काही राजकीय गुन्हा नव्हता. पण ते पूर्ण निरागसही नव्हतं.

मुक्ती आणि दोन भाषा

१९६१नंतर वाट उघडली. भारतीय सेन्सॉर प्रमाणपत्र आलं, फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट मुख्य खेळाआधी दाखवणं आलं, १९६४चा करमणूक कराचा कायदा आला. वृत्तपत्रं बदलली. 'ओ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक १९००पासून चालू होतंच. त्यात १९६२ला 'गोमन्तक' हे मराठी दैनिक आणि १९६३ला 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक यांची भर पडली. पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून ही पानं उलटणं हा माझा रविवारचा उद्योग होऊन बसला आहे. कारण सिनेमाची जाहिरात हा इतिहासकाराला फुकटात मिळालेला खजिना आहे. वार, वेळ, भाषा, दर, कोणत्या वर्गाला कोणतं दार, सगळं त्या दोन इंचांच्या चौकटीत असतं. राजकीय बातमी संपादकाच्या मतानुसार वळते. जाहिरातीत खेळाची वेळ चुकवून कुणाला परवडत नाही.

याच वर्षांत कोकणी चित्रपटाने जोर धरला. पहिला कोकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' हा २४ एप्रिल १९५०ला आला होता, म्हापशाचे जेरी ब्रागांझा यांनी काढलेला. त्यानंतर १९६३ला 'आमचें नशीब' आणि १९६६ला 'निर्मोण'. या दोन्हींमागे फ्रँक फर्नांड, मुंबईच्या सिनेसंगीतात ट्रंपेट वाजवणारे गोमंतकीय वादक. दिग्दर्शन ए. सलाम यांचं. 'निर्मोण'ची कथा टेनिसनच्या 'इनॉक आर्डन'वर बेतलेली. बोटीवर गेलेला नवरा परतत नाही, बायको वाट बघते, शेवटी दुसरा संसार मांडते आणि मग तो परततो. इंग्रज कवीची ही गोष्ट गोव्यात परकी वाटली नाही, कारण इथे प्रत्येक गावात तारवटी आहेत आणि प्रत्येक तारवट्याच्या घरात वाट बघणारं कुणीतरी आहे. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने तीच कथा 'तकदीर' नावाने हिंदीत आणली. किनाऱ्यावरून मुंबईला कथा गेल्याचं हे एक उदाहरण. एरवी वाट उलटी असते.

इथे एक नाजूक गोष्ट सांगणं भाग आहे. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला. ३४ हजारांचं अंतर. त्या काळात भाषेवरून घराघरात, नातेवाइकांत, वृत्तपत्रांत केवढी तेढ होती हे आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना सांगायला नको. मराठीच्या बाजूने वाढलेला मी, मला तो काळ वडिलांच्या बोलण्यातून माहीत आहे. पण थिएटरच्या बाबतीत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. विलीनीकरणवाद्यांच्या घरातल्या बायका 'निर्मोण' बघून रडल्या, आणि कोकणीवाद्यांच्या घरातले पुरुष पुढे 'सोंगाड्या' आणि 'पांडू हवालदार'ला बाकावरून पडेपर्यंत हसले. कौल देताना माणूस एका बाजूचा असतो. तिकीट काढताना तो दोन्हीकडे जाऊ शकतो. भाषावादाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भाषणांबरोबर तिकीट खिडकीही पाहावी असं मी म्हणतो ते यासाठी.

मग गोवा स्वतःच पडद्यावर यायला लागला. १९६५ला 'जौहर-मेहमूद इन गोवा', १९६९ला ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी', ज्यात अमिताभ बच्चन पहिल्यांदा दिसले आणि ज्याचा विषयच गोवा मुक्ती. १९७३ला 'बॉबी', १९८१ला दोना पावलाच्या खडकांवरचा 'एक दूजे के लिए', १९८५ला बेनेगलांचा 'त्रिकाल', लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झालेला. पणजीचा प्रेक्षक यांतलं काय खरं, काय खोटं हे मोठ्याने सांगत सिनेमा बघायचा. हिंदी सिनेमातला दारू पिणारा, मोडकं हिंदी बोलणारा गोवेकर पाहून ख्रिस्ती शेजाऱ्याला काय वाटत असेल, हे मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर एका मित्राने समजावलं.

यंत्रघर

बंद पडलेल्या थिएटरची भिंत वाचता येते. मागच्या बाजूला, उंचावर, चिऱ्याची किंवा काँक्रीटची एक खोली असते. तिला प्रेक्षागृहाकडे चौकोनी लहान भोकं, आणि बहुधा जिना बाहेरून. ही रचना हौसेची नाही. १९५०च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. नायट्रेट एकदा पेटलं की त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते, ऑक्सिजन त्याच्या आतच असतो. पाण्याखालीही ते जळत राहतं. म्हणून यंत्रघर वेगळं, भिंती जाड, भोकांवर लोखंडी झडपा. आग लागली तर झडप आपोआप पडावी आणि प्रेक्षक वाचावेत. आत काम करणाऱ्याने बाहेरच्या जिन्याने पळावं.

आत दोन प्रोजेक्टर. एक डबा, म्हणजे दोन हजार फूट, साधारण बावीस मिनिटं चालतो. तो संपत आला की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. त्या खुणेवर ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करतो. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. त्याला डीसी लागतो, म्हणून शेजारी रेक्टिफायर. कांड्या जळून आखूड होत जातात, अंतर सतत जुळवावं लागतं. जुळवलं नाही तर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. अडीच-तीन तास त्या उष्णतेत, कार्बनच्या धुरात उभं राहायचं आणि एकही क्षण सिनेमा बघायचा नाही, असं ते काम. एका निवृत्त ऑपरेटरने मला सांगितलं की 'शोले' त्यांनी शेकडो वेळा दाखवला, पण सलग बसून पाहिला तो घरच्या टीव्हीवर.

किनाऱ्यावर या यंत्राचे शत्रू जास्त. खारी हवा तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढवते. पडद्यावर बुरशी येते. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला की संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवावा लागतो, मग जुना अॅम्प्लिफायर गुरगुरतो. आणि फिल्म स्वतः. नायट्रेटनंतर आलेली अॅसिटेट फिल्म उष्ण दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कोकणपट्टीतल्या जुन्या चित्रपटांच्या प्रती का टिकल्या नाहीत याचं एक उत्तर अनास्था हे आहे. दुसरं उत्तर रसायनशास्त्रात आहे.

नदीपलीकडचे प्रेक्षक

पणजीचा प्रेक्षक फक्त पणजीत राहत नव्हता. मांडवीपलीकडे बेती, वेरें, पर्वरी. तिथून माणसं फेरीबोटीने यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पूल झाला आणि रात्रीचा खेळ पलीकडच्या लोकांना सोपा झाला. ५ जुलै १९८६ला तो नेहरू पूल कोसळला. राजधानी आणि उत्तर गोवा यांच्यातला मुख्य दुवा भर पावसाळ्यात तुटला. नवा पूल १९९२ला आला. मधली सहा वर्षं पुन्हा फेरीवर बरीच मदार.

इंजिनिअर म्हणून मी त्या पुलाच्या गंजलेल्या केबलींबद्दल तासभर बोलू शकतो. इथे मुद्दा वेगळा आहे. बेतीच्या एका काकांनी सांगितलं की पूल पडल्यावर रात्रीच्या खेळाचा शेवट त्यांच्या मित्रमंडळींनी कधी पाहिलाच नाही. फेरीसाठी रांग असायची, म्हणून नायक-खलनायक मारामारीला भिडले की हे उठायचे. बाहेर गाड्यावर रस-ऑमलेट खायचं आणि धक्का गाठायचा. शेवट दुसऱ्या दिवशी पणजीतल्या कामावरच्या कुणाकडून ऐकायचा. हीच ती वर्षं, जेव्हा व्हिडिओ कॅसेट घराघरात शिरली. व्हिडिओने थिएटरं मारली हे आपण सर्रास म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण पणजीपुरतं पाहिलं तर नदीपलीकडच्या कुटुंबाला सिनेमाला नेणं अवघड झालं आणि भाड्याची कॅसेट आणणं सोपं झालं, ही दोन्ही एकाच वेळी झाली. नव्वदीत केबल आली आणि उरलेलं काम तिने पुरं केलं.

महोत्सव आणि बंद दारं

२००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि इथेच राहिला. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेच्या, म्हणजे जुन्या गोमेकॉच्या आवारात चार पडद्यांचं आयनॉक्स उभं राहिलं. पोर्तुगीज काळातली इमारत दुरुस्त होऊन महोत्सवाच्या वापरात आली. कांपालला चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमी होतीच. या सगळ्याचा मला आनंदच आहे. २००९मध्ये लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या 'पल्तडचो मनीस'ला टोरोंटोत समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, तेव्हा गोव्याला चित्रपटाचं शहर म्हणणं केवळ पर्यटन खात्याची जाहिरात उरली नाही.

पण त्याच वर्षांत फिल्मचे डबे जाऊन डिजिटल आलं. डबे वाहण्याचा खर्च वाचला खरा, पण नव्या प्रोजेक्टरचा खर्च लाखांच्या घरात. एकपडदा थिएटरच्या मालकासमोर हिशेब सरळ होता. जागेची किंमत तिकिटांच्या उत्पन्नाच्या कित्येक पट झालेली. त्याला दोष देणं मला पटत नाही. त्याने थिएटर धंदा म्हणून चालवलं, धंदा संपला. वारसा म्हणून जपायची जबाबदारी त्याच्या एकट्याची नव्हती, ती गावाची होती. आपण फोंतेन्यासच्या गॅलऱ्या आणि चर्चचा जिना जपतो, कारण ते जुने आणि देखणे आहेत. चित्रगृह तेवढं जुनं नाही आणि देखणंही नाही. पण विसाव्या शतकात या शहरातले सगळे धर्म, सगळ्या भाषा आणि बहुतेक सगळे खिसे अंधारात शेजारी बसले असतील, तर ते इथेच.

इमारती वाचतील असं मी समजून चालत नाही. तोवर जे हातात आहे ते करू. प्रत्येक बंद थिएटरची मापं घेऊन नकाशा काढावा, यंत्रघरासकट. प्रोजेक्टर भंगारात जाण्याआधी त्यावरची पाटी, मेक आणि क्रमांक टिपावा. परवान्याच्या अर्जाला जोडलेले नकाशे जुन्या दप्तरांत असतात, ते शोधावेत. १९५० ते १९७० या वीस वर्षांच्या जाहिराती तारीखवार नोंदवाव्यात, म्हणजे नाकेबंदीत पडद्यावर नेमकं काय होतं हे आठवणीवर सोडावं लागणार नाही. आणि सगळ्यांत आधी माणसं. ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, गाडेवाले. त्यांच्यातले बरेच जण ऐंशीच्या पुढे आहेत.

ज्यांच्या घरी जुनं तिकीट, हँडबिल, गाण्यांची चोपडी किंवा थिएटरच्या दारातला एखादा कौटुंबिक फोटो असेल, त्यांनी तो मंडळाच्या मासिक बैठकीला घेऊन यावा. तिथेच स्कॅन करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत देऊ. तिकिटावर दर तांगांमध्ये असेल तर कृपया ते लॅमिनेट करू नका. साध्या कागदाच्या पाकिटात आणा.